मध्यस्थीची प्रार्थना आणि तिचे मोजमाप

मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेले काही दिवस प्रार्थनेच्या सामर्थ्याविषयी जो वाद चालू आहे, त्यात दोन टोकांची मते वाचायला मिळाली. मंडळीने, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, केलेल्या प्रार्थनेमुळे आपल्या आप्ताचा असाध्य आजार बरा झाला, असे सांगून एका वाचकाने तोच ख्रिस्ती श्रद्धेचा पुरावा मानला. त्यांना उत्तर देणाऱ्या दुसऱ्या वाचकाने अमेरिकेतील एका प्रयोगाचा हवाला देऊन, दुसऱ्यासाठी केलेली प्रार्थना निष्फळ असते हे विज्ञानाने कायमचे ठरवून टाकले आहे, असा निर्वाळा दिला. मी मराठी ख्रिस्ती मंडळीत लहानाचा मोठा झालो असून रविवारच्या उपासनेत दुसऱ्यांसाठी होणाऱ्या ज्या प्रार्थनेला आम्ही मध्यस्थीची प्रार्थना म्हणतो, ती लहानपणापासून ऐकत आणि प्रसंगी चालवत आलो आहे. मागितले ते मिळाले की नाही, हे दोन्ही पत्रलेखकांचे माप मला एकच दिसते, आणि पवित्र शास्त्राने, म्हणजे बायबलने, ते माप कधीच वापरलेले नाही, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे.

प्रथम त्या प्रयोगाबद्दल, कारण त्याचा निष्कर्ष अनेकदा अर्धवटच सांगितला जातो. डॉ. हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा अभ्यास २००६ मध्ये ‘अमेरिकन हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला. सहा रुग्णालयांत बायपास शस्त्रक्रिया होणाऱ्या १,८०२ रुग्णांचे त्यात तीन गट केले होते. पहिल्या दोन गटांना आपल्यासाठी कोणी प्रार्थना करीलही किंवा करणारही नाही, असे सांगितले होते. त्यांपैकी एकासाठी प्रार्थना झाली, दुसऱ्यासाठी झाली नाही. तिसऱ्या गटाला मात्र तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार आहे, असे कळवले होते. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झालेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ५२ टक्के आणि दुसऱ्यात ५१ टक्के निघाले, म्हणजे फरक काहीच नाही. आणि ज्यांना प्रार्थनेची खात्री दिली होती त्या तिसऱ्या गटात ते ५९ टक्के निघाले. प्रार्थना करणारे ख्रिस्ती गटांतील लोक होते, त्यांना रुग्णाचे पहिले नाव आणि आडनावाचे आद्याक्षर एवढेच दिले होते, आणि यशस्वी शस्त्रक्रियेसाठी व गुंतागुंतीविना लवकर बरे होण्यासाठी ठरावीक शब्दांचे वाक्य त्यांनी आपल्या प्रार्थनेत घालायचे होते.

या निकालावर आमच्यापैकी काही जण लगेच म्हणतात की परमेश्वराची परीक्षा पाहू नये असे बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात लिहिलेलेच आहे, म्हणून प्रयोगच अवैध. हे उत्तर मला प्रामाणिक वाटत नाही. डॉ. रँडॉल्फ बर्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील हृदयरुग्ण विभागात ३९३ रुग्णांवर केलेला आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला असाच एक अभ्यास प्रार्थनेच्या बाजूने झुकला, तेव्हा परीक्षेचे ते वचन फारसे कोणाला आठवले नव्हते. आजही कित्येक प्रवचनांतून तो मोठ्या अभिमानाने सांगितला जातो आणि २००६ चा गाळला जातो. आकडा सोयीचा निघाला तर साक्ष आणि गैरसोयीचा निघाला तर पाप, असा व्यवहार श्रद्धावंताला शोभत नाही. प्रयोगाला जे मोजता आले ते त्याने नीट मोजले, हे मान्य करावे. पहिल्या नावापलीकडे गाव-चेहरा काहीच माहीत नसलेल्या माणसासाठी ठरवून दिलेले वाक्य उच्चारल्याने शस्त्रक्रियेचा निकाल बदलत नाही, असे त्यातून दिसले. मध्यस्थी म्हणजे एवढेच असते का, हा प्रश्न मात्र त्या तक्त्याबाहेरचा आहे.

चार्ल्स डार्विन यांचे आतेभाऊ फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७२ मध्येच हा हिशेब मांडून पाहिला होता. इंग्लंडच्या चर्चमध्ये दर रविवारी राजाच्या किंवा राणीच्या दीर्घायुष्यासाठी प्रार्थना होते, तरी सुखवस्तू वर्गांमध्ये राजघराण्यातील माणसेच सर्वांत कमी जगतात, असे त्यांनी आकडेवारीने दाखवले. हा टोमणा त्या काळच्या उपासनाविधीला बरोबर लागला होता, कारण त्यात आरोग्य, संपत्ती आणि दीर्घायुष्य खरोखरच मागितले जात असे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात राजे आणि अधिकारी यांच्यासाठी विनंत्या, प्रार्थना व रदबदली करावी असे सांगितले आहे ते मात्र त्यांचे वय वाढावे म्हणून नव्हे. सर्वांना शांततेने आणि सुभक्तीने जगता यावे म्हणून ते सांगितले आहे.

शास्त्रातील मध्यस्थीचे सर्वांत बोलके उदाहरण मला लूककृत शुभवर्तमानाच्या बाविसाव्या अध्यायात दिसते. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू पेत्राला सांगतो की सैतानाने तुम्हाला गव्हासारखे चाळायला मागितले आहे, पण तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. त्याच रात्री कोंबडा आरवण्याआधी पेत्राने त्याला तीनदा नाकारले. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी वही घेऊन हिशेब करायला बसला असता, तर खुद्द प्रभूने केलेली मध्यस्थीही त्याने निष्फळ म्हणून नोंदवली असती. पण त्या विनंतीत पेत्र पडू नये असे मागितलेलेच नव्हते. तो परत वळावा आणि वळल्यावर त्याने आपल्या भावांना स्थिर करावे, असे मागणे होते. त्याचे फळ काही आठवड्यांनी दिसले, जेव्हा पेत्राने यरुशलेमेत उघडपणे येशूची साक्ष दिली.

प्रेषितांच्या कृत्यांचा बारावा अध्यायही आमच्याकडे अर्धाच वाचला जातो. तुरुंगात असलेल्या पेत्रासाठी मंडळी एकाग्रतेने प्रार्थना करत होती, रात्री देवदूत आला आणि त्याच्या बेड्या गळून पडल्या, तो योहान मार्काच्या आईच्या घरी आला, रुदा नावाच्या मुलीने त्याचा आवाज ओळखला आणि आनंदाच्या भरात दार उघडायचे सोडून ती आत धावली. आत प्रार्थना करत बसलेल्यांनी तिलाच वेडी ठरवले. ही कथा रंगवून सांगताना तिच्याआधीची दोनच वाक्ये गाळली जातात. त्यांत हेरोद राजाने प्रेषित योहानाचा भाऊ याकोब याला तरवारीने मारल्याचे लिहिले आहे. याकोबासाठी मंडळीने प्रार्थना केली नसेल, असे कोण म्हणेल? एका प्रेषिताची सुटका आणि दुसऱ्याचा वध लेखकाने एकाच पानावर, कसलेही स्पष्टीकरण न देता ठेवला आहे. याकोबासाठी प्रार्थना करणाऱ्यांचा विश्वास कमी पडला, असे तो सुचवतही नाही. आजाऱ्याचा मृत्यू झाल्यावर घरच्यांना ‘तुमचा विश्वास कमी पडला’ असे ऐकवणाऱ्यांनी हा अध्याय पहिल्या वचनापासून वाचावा. शोकग्रस्त माणसाला असे बोलण्याइतके क्रौर्य मंडळीच्या आत क्वचितच घडत असेल, आणि ते प्रार्थनेच्या नावाने घडते हे अधिक वाईट.

चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेतील मोनिका आपल्या मुलासाठी वर्षानुवर्षे रडून प्रार्थना करत होती. ३८३ मध्ये तो कार्थेजहून रोमला निघाला, तेव्हा त्याने जाऊ नये म्हणून ती बंदरापर्यंत गेली. मुलाने तिला थाप मारली आणि ती संत सायप्रियन यांच्या स्मृतिस्थळी रात्रभर प्रार्थना करत असताना तो जहाजात बसून निघून गेला. त्या रात्रीचे तिचे मागणे सरळसरळ नाकारले गेले. पण रोमहून तो मिलानला गेला, तेथे बिशप अँब्रोज यांचा सहवास त्याला लाभला आणि ३८७ च्या पुनरुत्थानाच्या सणाला (ईस्टरला) त्याचा बाप्तिस्मा झाला. तोच पुढे संत ऑगस्टीन. आपल्या ‘कबुलीजबाबा’त तो स्वतःच लिहितो की, आई जे नेहमी मागत होती ते देता यावे म्हणून देवाने तिचे त्या रात्रीचे मागणे दिले नाही. हे कळायला मोनिकेला चार वर्षे लागली आणि बाप्तिस्म्याच्या त्याच वर्षी ती वारली. प्रत्येक आईच्या वाट्याला असे उत्तर येत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून मोनिकेची गोष्टही मी पुराव्यासाठी सांगत नाही. मागणारा आणि देणारा यांच्या दृष्टीच्या पल्ल्यात किती अंतर असू शकते, एवढेच त्यातून दिसते.

यावर काही सुधारणावादी मित्र म्हणतात की मग प्रार्थनेने फक्त करणाऱ्याचे मन शांत होते असे म्हणा आणि मोकळे व्हा. ही पळवाट मला मान्य नाही. देव ऐकतो, आणि आपल्या मागण्यामुळे जगात काही घडते, असे मी मानतो. तसे मानत नसतो तर दुसऱ्याचे नाव देवापुढे घेणे हे निव्वळ नाटक ठरले असते. पण घडते ते कसे, याबद्दल ख्रिस्ती शिकवणीचे म्हणणे सर्वसाधारण समजुतीहून वेगळे आहे. नाखूश देवाचे मन वळवण्यासाठी आपण वशिला लावतो, अशी तिची कल्पना नाही. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्त आपल्यासाठी मध्यस्थी करण्यास सदैव जिवंत आहे असे म्हटले आहे, आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्रात, कशासाठी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या उसाशांनी विनंती करतो, असे आहे. म्हणजे विनवणी आधीपासूनच चाललेली आहे. आपण तिच्यात सामील होतो. आपल्या शब्दांच्या संख्येवर, आवाजाच्या पट्टीवर किंवा उपासाच्या दिवसांवर तिचे सामर्थ्य अवलंबून नसते.

म्हणूनच योहानाच्या शुभवर्तमानातील दोन लहान विनंत्या मला आदर्श वाटतात. काना येथील लग्नात मरीया येशूला एवढेच सांगते की त्यांच्याजवळ द्राक्षारस नाही. लाजर आजारी पडल्यावर त्याच्या बहिणी निरोप धाडतात की ज्याच्यावर तुमचे प्रेम आहे तो आजारी आहे. दोन्ही ठिकाणी उणीव सांगितली आहे, उपाय सुचवलेला नाही, मुदतही घातलेली नाही. ध्वनिक्षेपकावरून देवाला आज्ञा सोडणाऱ्या आजच्या काही प्रार्थना ऐकल्या की या दोन वाक्यांची आठवण होते.

पण मध्यस्थी करणाऱ्याला स्वतःला काही मोजावे लागते, आणि या विषयात सर्वांत कमी बोलले जाते ते याच गोष्टीबद्दल. सोन्याचे वासरू करून त्याची पूजा केलेल्या आपल्या लोकांसाठी क्षमा मागताना मोशे म्हणतो की क्षमा करणार नसशील तर तुझ्या पुस्तकातून माझेही नाव खोडून टाक. यहेज्केलाच्या ग्रंथात देव म्हणतो की देशासाठी माझ्यापुढे खिंडारात उभा राहील असा एक तरी माणूस मी शोधला, पण मला कोणी सापडला नाही. घोडखिंडीतल्या बाजीप्रभूंची कथा ज्या भाषेत घरोघरी सांगितली जाते, तिच्या वाचकाला खिंडारात उभे राहणे म्हणजे काय हे वेगळे समजावून द्यायला नको. ईयोबाची गोष्ट तर आणखी अवघड आहे. ज्या मित्रांनी त्याच्या दुःखावर मीठ चोळले, त्यांच्यासाठी त्याला प्रार्थना करावी लागली, आणि त्याने ती केल्यावर त्याचे दिवस पालटले. पसायदानात ज्ञानदेवांनी खळांसाठीही मागणे मागितले आहे, तेव्हा ही वृत्ती मराठी मनाला परकी आहे असे कोणी म्हणू नये.

आपल्याच मातीतला दाखला हवा असेल तर केडगावचा आहे. पंडिता रमाबाईंनी १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांतात आणि पुढे १९०० च्या सुमारास गुजरातेत उपासमारीने मरणाऱ्या मुली-बायकांना उचलून आणले, आणि पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना अन्न, अक्षर व हाताला काम दिले. जानेवारी १९०५ मध्ये त्यांनी या मुलींना विचारले की भारतातील ख्रिस्ती लोकांच्या आध्यात्मिक जागृतीसाठी रोज प्रार्थना करायला कोण येईल. सुमारे ७० जणी पुढे आल्या, आणि जूनअखेर तेथे जागृतीची चळवळ सुरू झाली तोवर त्यांची संख्या ५०० च्या वर गेली होती. त्या चळवळीत जे घडले त्याचे अर्थ अभ्यासक वेगवेगळे लावतात. तो वाद येथे नको. माझे लक्ष जाते ते प्रार्थना करणाऱ्यांकडे. काही वर्षांपूर्वी ज्यांना जगाने टाकून दिले होते, त्या अनाथ आणि विधवा मुली आता स्वतःपलीकडच्या, कधी न पाहिलेल्या माणसांसाठी मागत होत्या. दुसऱ्याने मागावे आणि आपण घ्यावे, या स्थितीतून दुसऱ्यासाठी मागण्याच्या स्थितीत माणूस येणे, हेही सामर्थ्यच आहे. आणि रमाबाईंची प्रार्थना बैलगाडीने दुष्काळी मुलखात गेली होती, हे विसरता कामा नये.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी ख्रिस्ती स्त्रिया जगभर जो जागतिक प्रार्थना दिन पाळतात, त्याचा उपासनाक्रम दर वर्षी एका वेगळ्या देशातील स्त्रिया लिहितात. माहिती घेऊन प्रार्थना आणि प्रार्थनेतून कृती, असे त्यांचे ब्रीद आहे. ज्यांच्यासाठी मागायचे त्यांचा देश, त्यांची अडचण, त्यांची गाणी आधी समजून घ्यायची, ही शिस्त इतरांनीही घ्यावी अशी आहे. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी चालणाऱ्या नोव्हेनाला (सलग नऊ वेळा करायच्या प्रार्थनेला) सर्व धर्मांचे लोक येतात, हे मुंबईकरांना सांगायला नको. कॅथलिक बंधुभगिनी मरीयेला आणि संतांना आपल्यासाठी विनंती करायला सांगतात, आम्ही प्रोटेस्टंट तसे करत नाही. पण शेजाऱ्याचे नाव घेऊन देवापुढे उभे राहण्यात आमच्यात मतभेद नाही.

आता आमच्या घरातील केराबद्दल. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर कोणाच्या आजाराची बातमी पडते आणि पाच मिनिटांत जोडलेल्या हातांच्या चिन्हांची रांग लागते. ती लावणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या रात्री खरोखर गुडघे टेकले, आणि किती जणांनी दवाखान्यात डबा पोहोचवला, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. त्याहून खटकते ते प्रार्थनेच्या निमित्ताने होणारे बोभाटे. कोणाच्या मुलीचे लग्न मोडले, कोणाचा मुलगा दारूच्या नादी लागला, कोणाला कसला आजार निघाला, हे सारे ‘प्रार्थनेत ठेवा हं’ एवढे शेपूट जोडून गावभर होते. ज्याचे नाव घ्यायचे त्याला आधी विचारावे, ही साधी रीत आमच्या प्रार्थना सभांनी पाळलीच पाहिजे. देवाला तपशिलाची गरज नसते. ती शेजाऱ्यांना असते.

आणि शेवटी आजार बरे करण्याच्या जाहिराती. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना, बोलवावे, त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावून प्रार्थना करावी, असे सांगितले आहे. वडिलांनी आजाऱ्याच्या खाटेशी जायचे आहे. आजाऱ्यांना मैदानावर गोळा करून त्यांच्या बरे होण्याचे फलक लावायचे नाहीत. लूक स्वतः वैद्य होता आणि पौलाने त्याला प्रिय म्हटले आहे. मिरजेला मिशनरी डॉ. विल्यम वॉनलेस यांनी रुग्णालय उभारले, ते प्रार्थनेवरचा विश्वास उडाला म्हणून नव्हे. जादूई उपायांनी रोग बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, आणि आपल्या राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने सर्पदंश, श्वानदंशासारख्या प्रसंगी वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे गुन्हा ठरवले आहे. शारीरिक इजा न करणाऱ्या धार्मिक विधींना राज्याचा हा कायदा हात लावत नाही, त्यामुळे आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करणाऱ्याला त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र इन्सुलिन किंवा क्षयाच्या गोळ्या बंद करा म्हणजे विश्वास दिसेल, असे कोणी सांगत असेल तर त्याला मंडळीनेच आधी अडवावे. पोलिसांची वाट पाहू नये.

आपल्यासारख्या वृत्तपत्रांना माझी विनंती आहे की, कोणत्याही धर्माच्या सभेची जाहिरात घेताना तिच्यात रोगमुक्तीची हमी दिलेली असेल तर ती नाकारावी. आणि ज्या दोन वाचकांच्या पत्रांवरून मी हे लिहिले, त्यांपैकी पहिल्यांचे आप्त बरे झाले याचा मला मनापासून आनंद आहे. दुसऱ्यांनी तो अभ्यास मुळातून वाचला असेल तर त्याच्या लेखकांनी प्रार्थनेच्या सर्व प्रकारांबद्दल निकाल दिलेला नाही, हेही त्यांच्या लक्षात आले असेलच.

कळावे,

आपला नम्र,
एक मराठी ख्रिस्ती वाचक, अहिल्यानगर